मेंदीच्या रंगाचं गंगावन

काळे केस घरच्या घरी फिके करायचे असतील तर ते डोक्यावर असताना करू नयेत, असं मी आता कुणालाही सांगेन. मी माझे केले तेव्हा ते माझ्या डोक्यावर नव्हते. कापून, मुळाकडच्या टोकाला दोरा बांधून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले होते. आणि ते माझ्यासाठी नव्हतेच. आईसाठी होते.

आई-बाबा सक्करदऱ्याला राहायचे, मी शहराबाहेर बेसाला. आईचे केस चाळिशीतच पांढरे झाले होते, पण ते कुणी पाहिले नाहीत, कारण दर पंधरा दिवसांनी रविवारी ती मेंदी लावायची. लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली, चहाचं पाणी आणि चिमूटभर कात घातलेली. इतक्या वर्षांच्या मेंदीनं त्या केसांना एक रंग आला होता, लाल म्हणता येणार नाही, तपकिरीही नाही. तांब्याच्या हंड्याला चिंच लावून घासण्याआधी असतो तसा. त्या रंगाचा मोठा, घट्ट, मानेवर बसलेला अंबाडा हीच तिची ओळख होती. गल्लीत नवीन आलेल्या माणसाला घर सांगताना लोक आमच्या फाटकाचा रंग सांगत नसत, "त्या मोठ्या अंबाड्याच्या काकू" म्हणत.

ते केस तापात गेले. पावसाळ्यात तिला टायफॉइड झाला, ताप लांबला, आणि ताप उतरल्यावर केस उतरायला लागले. उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीत. डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं, परत येतात. तरुण बाईचे येत असतील. तिचे आले नाहीत. दिवाळीपर्यंत कपाळावरून मागेपर्यंत डोकं उघडं पडलं आणि मागच्या बाजूला एक बारीक शेपूट उरलं, ज्याची गाठ मारली तर लिंबाएवढी व्हायची.

मग तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि घराबाहेर पडणं सोडलं. भजनी मंडळ सुटलं. संध्याकाळी तलावाकडे एक चक्कर असायची, ती सुटली. फाटकावर दूध घ्यायला बाबा जाऊ लागले आणि पिशवी गळकी निघाली की घरात येऊन बोलणी खाऊ लागले.

माघात माझ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आईनं एके दिवशी भाजी निवडता निवडता सांगून टाकलं की ती येणार नाही. मी म्हटलं, नातीच्या लग्नाला आजी नाही, असं कसं चालेल. ती मान खाली घालून मेथीच्या काड्या मोडत राहिली.

बाबांनी खाटेवरून टोला हाणला. "लोकं नवरी पाहायले येतात वं. तुह्या डोक्यावर कोन पाहते?"

"पाहतात," आई म्हणाली. "मीच पाहत होती ना आजवर सगळ्याईच्या."

 माझा स्वभाव असा आहे की अडचण समजली की मी कामाला लागते. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. कोणता माल कुठे आहे, किती आहे, नमुन्याशी जुळतो की नाही, हे बघणं हेच माझं काम. लग्नाच्या खरेदीच्या यादीत हॉल, आचारी आणि पत्रिका यांच्या खाली मी एक ओळ वाढवली. गंगावन. अंबाडा भरदार दिसावा म्हणून आपल्या केसांत गुंफायचा तो केसांचा झुपका. आमच्या लहानपणी लग्नघरच्या प्रत्येक बाईकडे तो असायचा.

सीताबर्डीवर पहिलं घेतलं ते काळं, नायलॉनचं. आईनं ते दोन बोटांत धरून लांब केलं.

"हे काय आणलं वं? टांग्याचा घोडा उघडा फिरून राहिला असंल कुठं तरी."

दुसरं तपकिरी आणलं. त्यावर ती म्हणाली की कोणाच्या अंगावर कॉफी सांडल्यासारखं दिसतं. तिचं खोटं नव्हतं. तिच्या त्या उरलेल्या शेपटाशेजारी कुठलंही दुकानातलं गंगावन धरलं की दोन्ही एकमेकांना खोटं पाडत होती.

म्हणजे खऱ्या केसांचं बनवायला हवं होतं, आणि तिच्या रंगाचं. माझे केस कमरेपर्यंत होते. पन्नाशी उलटली तरी काळेभोर. ते बाबांकडून आले. पण काळ्या केसांवर मेंदी दिसत नाही. उन्हात जरा लालसर झाक मारते, एवढंच. आधी काळा रंग काढायचा आणि मग मेंदी चढवायची, असा क्रम लागणार होता.

ओळखीच्या पार्लरमध्ये जाऊन मी वेणी खांद्याशी कापून घेतली.   सक्करदऱ्याला जाऊन मी गाडीवरून उतरले, हेल्मेट काढलं आणि आई माझ्या मानेकडे बघतच राहिली.

"काहून कापले वं?"

"हेल्मेटमध्ये मावत नव्हते."

तिनं माझ्या मानेवरून एकदा हात फिरवला, जिथे वेणी असायची तिथे, आणि आत निघून गेली. मी कशाला कापले हे तिला तेव्हाच कळलं होतं असं मला वाटतं.

पहिले प्रयोग मी बेसाला माझ्या घरी केले. इतवारीतून ब्लीच पावडर आणि तिच्यात कालवायचं ते दुधासारखं पातळ द्रावण आणलं. सगळे केस एकदम घ्यायचे नाहीत, एवढी अक्कल होती. बारीक बटा वेगळ्या केल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला, म्हणजे कोणती किती वेळ ठेवली ते कळावं. आधी बटा धुऊन घेतल्या, लेप लावला, पोळीच्या फॉइलमध्ये गुंडाळल्या. थोड्या वेळानं हात लावला तर फॉइल गरम. उघडून धुतलं तर बट ओल्या शेवईसारखी ताणली जात होती आणि वाळल्यावर नुसतं गवत. रंगही मध्येच चट्ट्याचट्ट्यांचा. दुसऱ्या दिवशी लेप कमी केला, वेळ कमी केली, तरी तेच.

मग न्हाणीघरातल्या बादलीकडे लक्ष गेलं. बेसाला नळाचं पाणी नाही, सगळा भार बोअरवर. त्या पाण्यानं पांढऱ्या बादलीला वर्षभरात तांबडी कड येते, नळाच्या तोंडाशी गंज साचतो. लोहाचं पाणी केसांत मुरलेलं आणि त्यावर मी ब्लीच लावत होते. ते भडकणारच. बोअरच्या पाण्यानं डाळ शिजत नाही हे इथली प्रत्येक बाई जाणते, पण केसांच्या बाबतीत ते माझ्या डोक्यात आलं नाही.

सक्करदऱ्याला महानगरपालिकेचं पाणी होतं. पुढच्या सुट्टीला मी सगळं सामान घेऊन तिकडे गेले आणि मुरलेलं लोह निघावं म्हणून केस आधी लिंबाच्या पाण्यात भिजवून धुतले. आई सुरुवातीला खुर्चीत बसून नुसती बघत होती. मागच्या अंगणात मी प्लास्टिकचा कागद पसरला, वाट्या मांडल्या, हातमोजे घातले. बाबा दोनदा दारात येऊन गेले आणि म्हणाले की दवाखान्याच्या संडासात बसल्यासारखा वास येऊन राहिला, जेवण तरी मिळणार आहे का आज. आईनं त्यांना आत पाठवलं आणि खुर्ची जवळ ओढून घेतली.

काळा रंग एकदम जात नाही. आधी विटकरी होतो, मग भगवा, मग पिवळा. आपल्याला भगव्याच्या अलीकडे थांबायचं होतं. घड्याळावर थांबायचं की रंगावर, यावर आमचं वाजलं. मी घड्याळाच्या बाजूची. आई म्हणाली, मेंदी कधी घड्याळ बघून चढते का. ती फॉइलचं टोक उघडून बघायची, परत मिटायची.

"थांब. अजून थांब. घाई कशाची? आता काढ."

तिनं सांगितलं तेव्हा काढलेली बट बरोबर निघाली. त्यानंतर मी घड्याळ उलटं ठेवून दिलं.

मेंदी पुढच्या सुट्टीच्या आदल्या रात्री तिनंच कालवली. त्याच लोखंडी कढईत, तोच कात, तेच चहाचं पाणी. सकाळी मी गेल्यावर ती लावली. धुऊन, वाळवून नमुना जुळवायची वेळ आली तेव्हा एक अडचण निघाली. नमुना तिच्या डोक्यावर होता. बट तिच्या केसांशेजारी, उजेडात धरून बघायला हवी होती. मी ते कसं म्हणावं याचा विचार करत होते, तेवढ्यात तिनं स्वतःच पदर मागे टाकला आणि खिडकीकडे पाठ करून बसली.

पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच मी तिचं डोकं नीट पाहिलं. कानामागे जन्मखूण होती. मला ती माहीत नव्हती. आयुष्यभर ती केसांखाली होती.

"जुळते का?" तिनं विचारलं.

"अजून एक हात मेंदी लागेल."

"मग बोलत काहून नाई? मले वाटलं, झोपली."

दुसऱ्या हातानंतर जुळलं. ट्यूबलाइटखाली जुळलं आणि अंगणातल्या उन्हातही जुळलं. मी माझे सगळे केस तसे केले. इतवारीत गंगावनं बांधून देणारी एक बाई आहे, तिच्याकडे ते केस नेले. त्या बाईच्या मते एवढ्या केसांची दोन होतील, दोन्ही चांगली होतील. फोनवरून आई म्हणाली, "दोन करून काय करू? एकच डोकं आहे माहं. चांगलं भरगच्च पाहिजे." म्हणून एकच बांधलं.

लग्नाला थोडे दिवस उरले असताना मी ते घेऊन गेले. आईनं बाबांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. मी तिचे उरलेले केस विंचरले, तेल न लावता, हळूहळू. त्यांत गंगावन गुंफलं, वेणी घातली, वेढे घेतले, जाळी लावली, आकडे खोचले. पुढची बाजू झाकायला पदर कुठपर्यंत आणायचा ते तिनं आरशात बघून ठरवलं. अंबाडा पदराबाहेर राहील इतपत. मग मी मागे हातआरसा धरला. ती किती तरी वेळ आरशातल्या आरशात बघत होती. एका बाजूचा आकडा तिनं काढून परत खोचला.

"हाओ," ती म्हणाली. "हे आहे."

तिनं बाबांना हाक मारली. ते दार ढकलून उंबरठ्यावरच थांबले.

"कोन बाई आली बापा घरी?" ते म्हणाले. "हिले चहा तरी दिला का कोणी?"

ती हसली. असं हसताना मी तिला आषाढानंतर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दूध घ्यायला ती स्वतः फाटकावर गेली. समोरच्या काकू ओट्यावर होत्या. दोघी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बोलत उभ्या राहिल्या, दूध फाटकावर तापत राहिलं. मी बेसाला परत आले आणि यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात बाबांचा फोन आला.  "तू ये," एवढंच म्हणाले.

आई पलंगावर बसली होती. पदर डोक्यावर होता आणि गंगावन मांडीवर. तिला ते रात्री काढवेना, म्हणून तशीच झोपली होती. दुपारच्या डुलकीतून उठताना अंबाडा उशीला अडला आणि त्याच्या वजनानं मागचं ते शेपूट मुळासकट निघून आलं. तापानं आधीच मुळं सुटलेली, त्यांना एवढा भार झेपणारा नव्हता. रक्त नव्हतं, दुखलंही नाही म्हणाली. आम्ही दोघींनी रंग पाहिला होता, लांबी पाहिली होती, दाटपणा पाहिला होता.

मी तिच्याजवळ बसून गंगावन हातात घेतलं. तिचे केस अजून त्यात गुंफलेले होते. म्हटलं, निदान तेवढे सोडवून वेगळे करू. खिडकीशी नेऊन बघितलं, उलटसुलट करून बघितलं. कोणते तिचे आणि कोणते माझे, मला निवडता येईनात.

"रंग तर बरोबर जमला होता वं," आई म्हणाली.

मी पर्याय सांगायला सुरुवात केली. विग मिळतो, चांगला मिळतो, मेंदीचा रंग त्यालाही देता येईल. टोपीसारखी जाळी घालून तिला हलकं गंगावन टाचता येईल. कपाळावर पट्टी बांधतात तसं काही. मी बोलत होते आणि ती माझ्या हाताकडे बघत होती.

"आता राहू दे," ती म्हणाली. "तू दमली."

लग्न रिंग रोडवरच्या एका लॉनवर झालं. बाबा एकटे आले, कोट घालून. अक्षता पडेपर्यंत थांबले, दोन घास खाल्ले आणि आईसाठी डबा भरून घेऊन गेले. सगळे विचारत होते, आजी दिसत नाहीत. गुडघे, मी म्हणत होते. आहेर घेताना म्हटलं, पंगतीत वाढताना म्हटलं, नवरदेवाच्या आत्याला म्हटलं. मुलगी सासरी निघायच्या आधी नवऱ्यासह सक्करदऱ्याला जाऊन आली. आई पदर कपाळापर्यंत ओढून खुर्चीत बसली होती. तिनं ओटी भरली, दोघांना आहेर केला, नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि मुलगी नमस्काराला वाकली तेव्हा तिच्या केसांतला गजरा सरळ केला.

उन्हाळ्यात ती गेली. हृदय आधीच थकलेलं होतं आणि त्या वर्षीचं ऊन तिला सोसलं नाही. सकाळी चहा घेतला, जरा पडते म्हणाली, आणि बाबा उठवायला गेले तेव्हा उठली नाही.

तिला तयार करायला आम्ही बायका आत होतो. बाबा असताना गेली म्हणून हिरवं लुगडं, हिरव्या बांगड्या, मळवट. मावशीनं, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीनं, पदर मागे केला आणि हात थांबवला. तिला आईच्या केसांचं ठाऊक होतं, पण पाहिलं नव्हतं.

"ते गंगावन कुठं आहे वं?" तिनं विचारलं.

मी कपाटातून काढून आणलं. आता ते बांधायला केस लागत नव्हते. निजलेल्या माणसाचा अंबाडा दिसत नाही म्हणून मी त्याची सैल वेणी घातली, मानेखालून घेऊन खांद्यावर पुढे आणली, आणि कपाळ पदरानं झाकलं. मावशीनं वेणीवर मोगऱ्याचा गजरा गुंडाळला. आता त्याचं वजन तिला कुठेच लागणार नव्हतं.

मग मावशी हळू आवाजात म्हणाली की ते असंच जाऊ द्यायचं नाही. जित्या माणसाचे केस आगीत देत नाहीत. बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मी म्हटलं, त्यात तिचेही आहेत. मावशी म्हणाली, मग तिचे राहू दे आणि तुझे काढ. ते होण्यासारखं नव्हतं, हे मी तिला समजावू शकले नाही.

बाबा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं असावं.

"लोकं पाहून जाऊ दे," ते म्हणाले. "मग काढ."

लोक आले. ज्यांना लग्नात आई दिसली नव्हती ते सगळेच आले. भजनी मंडळातल्या बायका आल्या, मुलीच्या सासरचे आले, गल्ली आली. एकेक जण पायांशी वाकत होता आणि चेहऱ्याकडे बघून मागे सरत होता. मी उशाशी बसले होते आणि लोक काय बघतात ते बघत होते. ते तिच्या खांद्यावरची वेणी बघत होते. आई म्हणाली होती ते खरं होतं.

उचलायची वेळ झाली तेव्हा बाबांनी पुरुषांना अंगणात थांबवलं. मी तिच्या मानेखाली हात घातला. मान थंड होती आणि जड. वेणी काढून घेतली, पदर नीट केला. गजरा सोडवून खांद्यावर ठेवला.

पुढचे काही दिवस घरात चूल नव्हती. शेजारच्या घरांतून डबे येत होते. एका दुपारी समोरच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या, बाबांनी सकाळपासून काही खाल्लं का ते विचारलं. फाटकावर आईशी बोलणं झालं त्या दिवसाचं काही बोलल्या. उठताना म्हणाल्या, "एक आहे पण. शेवटपर्यंत केस मात्र तसेच होते वं तुह्या आईचे."

मी हो म्हटलं आणि त्यांच्या हातातला डबा घेतला.